गुरुजींनी इंग्रजीत दिलेला होकार

टिकाराम लांजेवार गुरुजींनी इंग्रजीचा क्लास लावला नसता तर कुणाचं काही अडलं नसतं. एकवीस वर्षं ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत होते. एवढ्या काळात इंग्रजीवाचून त्यांचं एकदाच अडलं, एटीएमच्या यंत्रासमोर, आणि तिथेही मराठीचं बटण होतं हे मागाहून कळलं. लाखांदूरकडे भाऊ धान पिकवत होता, भंडाऱ्यात स्वतःचं तीन खोल्यांचं घर होतं, बायको मंदाबाई समजूतदार होती आणि एकुलती एक उर्वशी इंग्रजी शाळेत आठवीत होती. अशा माणसाने संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसावं. पण जुलै महिन्यात पालकसभा झाली आणि खुर्ची अंगणात तशीच राहिली.

त्या सभेत घडलं ते सांगितलं तर कुणी म्हणेल, यात काय एवढं. उर्वशीच्या वर्गशिक्षिका रिता मॅडम बाहेरच्या राज्यातून आलेल्या, मराठी त्यांना येत नव्हतं. एकेका पालकाशी त्या पाच पाच मिनिटं इंग्रजीत बोलत होत्या. गुरुजींच्या आधी एक डॉक्टर जोडपं बसलं होतं, ते तर इंग्रजीत हसतसुद्धा होतं. मग गुरुजी खुर्चीवर बसले. मॅडमनी तोंड उघडलं, गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं ते हिंदीत. "आप की बेटी... बहुत अच्छी है." सावकाश आणि मोठ्या आवाजात, कानाने अधू माणसाशी बोलावं तसं.

आता भंडाऱ्यात हिंदीचा कुणाला राग येत नाही. भाजीवाल्यापासून ऑटोवाल्यापर्यंत अर्धा बाजार हिंदीतच चालतो. पण डॉक्टरांशी बोलताना जी गाडी सुसाट जात होती ती आपल्यापाशी येऊन खालच्या गिअरमध्ये टाकली गेली, हे गुरुजींना लागलं. शेजारी उर्वशी उभी होती. तिने हे पाहिलं असेल का, या विचाराने त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

शेजारचे भुपेंद्र कापगते विम्याचे एजंट. कंपनीच्या मेळाव्यासाठी ते दोनदा गोव्याला जाऊन आले होते, त्यामुळे इंग्रजीच्या बाबतीत त्यांचा शब्द गल्लीत अखेरचा मानला जाई. कुंपणावर कोपर टेकवून त्यांनी सल्ला दिला.

"गुरुजी, इंग्रजी समजलं पाह्यजे असं काही नाही. हो म्हणता आलं पाह्यजे. समोरचा काय बी बोलो, आपण हसून हो म्हणाचं, पण हो चांगल्या शब्दात म्हणाचं. यस म्हणू नका, यस तर लहान पोट्टेबी म्हणतात. अ‍ॅब्सोल्यूटली म्हणा. सर्टनली म्हणा. समोरच्याले वाटते का हा माणूस विचार करून हो म्हणून राहिला."

"अन् समजलं नाही तर?"

"गोव्याले मले तरी काय समजलं होतं?" भुपेंद्र म्हणाले, "तरी बी माझं प्रमोशन झालं ना."

बाजारात पितळी भांड्यांच्या एका दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की 'निकेश सर इंग्लिश कम्युनिकेशन क्लास' होता. हा निकेश म्हणजे गुरुजींचाच जुना विद्यार्थी. सहावीत असताना त्याला ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही आणि गुरुजींनी त्याच्याकडून 'विद्यार्थी' हा शब्द शंभरदा लिहवून घेतला होता. आता गुरुजी त्याच्यासमोर बाकावर बसले, आणि पहिल्याच दिवशी दोघांची अडचण झाली. निकेश त्यांना सर म्हणे, ते निकेशला सर म्हणत. निकेशने प्रश्न विचारला की गुरुजी उभे राहत आणि गुरुजी उभे राहिले की निकेशही खुर्चीवरून उठे. शेवटी दोघांनी उभ्यानेच बोलायचं ठरवलं.

सरकारी नोकराने असा क्लास लावायचा तर वरिष्ठांना कळवलेलं बरं, असं मुख्याध्यापकांचं मत पडलं. गुरुजींनी अर्ज केला. तो 'प्रशिक्षणाचे प्रयोजन स्पष्ट करावे' असा शेरा घेऊन परत आला. त्यांनी प्रयोजन स्पष्ट केलं. मग 'विद्यार्थ्यांना होणारा लाभ नमूद करावा' असा शेरा आला. गुरुजींनी दीड पानभर लाभ नमूद केला, सुंदर मराठीत. ती परवानगी अजून आलेली नाही.

क्लासमध्ये मात्र गुरुजी रमले. नर्सिंग शिकणारी राखी, सैन्यभरतीची तयारी करणारी दोन मुलं, एक ब्यूटी पार्लरवाल्या ताई आणि मधोमध पन्नाशीतले गुरुजी. निकेशचा सगळा भर आत्मविश्वासावर. "समजलं नाही तरी थांबायचं नाही," तो सांगे, "थांबलं की गाडी बंद पडते." रोज दहा शब्द तो पाठ करायला देई. गुरुजींनी ते चिठ्ठ्यांवर लिहून कपाटाला, फ्रिजला आणि देवघराच्या दारालाही चिकटवले. मंदाबाईंनी फक्त देवघराच्या काढून टाकल्या. कानावर पडलेला प्रत्येक नवा शब्द वहीत देवनागरीत उतरवायचा, हाही निकेशचा नियम. गुरुजींची वही महिन्याभरात अर्धी भरली.

त्यांच्यात फरकही पडला. त्यांची पाठ ताठ झाली. शाळेच्या सभेत मुख्याध्यापकांनी विचारलं की शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण कोण करेल, तेव्हा प्रश्न नीट कानावर पडायच्या आतच गुरुजींच्या तोंडून "अ‍ॅब्सोल्यूटली" निघून गेलं. तीन गावांचं सर्वेक्षण त्यांच्या गळ्यात पडलं आणि दोन रविवार ते बांधाबांधाने हिंडले. एखादा माणूस तिथेच सावध झाला असता. गुरुजींना मात्र शब्द वेळेवर आठवल्याचंच समाधान होतं.

सप्टेंबरच्या शेवटी दुसरी पालकसभा आली. मंदाबाई भावजयीच्या बाळंतपणासाठी आंबागडला माहेरी गेल्या होत्या, त्यामुळे घरात बापलेक दोघंच होती. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला, खिशाला दोन पेनं लावली आणि स्कूटरवर उर्वशीला मागे बसवून निघाले. वाटेत ते पुटपुटत होते. उर्वशीला वाटलं, मंत्र म्हणून राहिले.

रिता मॅडमनी त्यांना पाहिलं आणि सवयीने म्हणाल्या, "नमस्ते, लांजेवारजी. देखिए, उर्वशी के बारे में..."

गुरुजींनी हात वर केला. ही घटका यावी म्हणून त्यांनी दोन महिने जिना चढला होता.

"मॅडम, प्लीज. इन इंग्लिश."

मॅडमच्या भुवया उंचावल्या. मग त्या मनापासून हसल्या, खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि बोलू लागल्या. गाडी सुसाट सुटली. गुरुजी तिच्याकडे फलाटावर उभं राहून पाहावं तसे पाहत राहिले. मधूनच एखादा ओळखीचा शब्द डब्याच्या खिडकीतून दिसल्यासारखा दिसे. उर्वशी. खो-खो. टॅलंट. मॅथ्स. मग 'विथ ड्रॉ' असं काहीतरी, तेही दोनदा. गुरुजींनी ताडलं की ड्रॉइंगचं कौतुक चाललं आहे.

"अ‍ॅब्सोल्यूटली," ते म्हणाले.

मॅडम थोड्या थांबल्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं. शेवटी 'शुअर' असा शब्द आला.

"सर्टनली, मॅडम. हंड्रेड पर्सेंट."

मॅडमनी उर्वशीकडे पाहिलं. उर्वशी जमिनीकडे पाहत होती. मग मॅडमनी एक छापील कागद पुढे केला आणि बोटाने जागा दाखवली. गुरुजींनी सही केली. नुसती सही कोरडी दिसेल म्हणून खाली, वळणदार अक्षरात, पाठ केलेलं वाक्यही लिहिलं: विथ ग्रेट प्लेझर.

परतताना स्कूटरवर त्यांना वारासुद्धा इंग्रजी वाटत होता. चौकातल्या सिग्नलपाशी उर्वशीने मागून विचारलं, "बाबा, तुमाले खरंच तसंच वाटते का?"

"अ‍ॅब्सोल्यूटली," गुरुजी म्हणाले.

उर्वशीने त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

घरी येताच त्यांनी सगळं संभाषण, म्हणजे समजलेले-न समजलेले जे तुकडे कानात राहिले ते, वहीत उतरवून काढलं. दुसऱ्या दिवशी येताना उर्वशीसाठी चोवीस रंगांची मोठी पेटी आणि चित्रकलेची वही आणली. उर्वशीने पेटी दोन्ही हातांनी घेतली, थँक्यू म्हटलं आणि कपाटात ठेवून दिली.

पुढचे तीन आठवडे गुरुजींचे मोठ्या सुखाचे गेले. क्लासवरून ते आठ वाजता घरी येत तेव्हा उर्वशी गणिताचं पुस्तक घेऊन बसलेली असे. पूर्वी ही मुलगी सातपर्यंत शाळेच्या मैदानावर असायची, गुडघे फोडून यायची आणि जेवताना तिची बडबड थांबत नसे. आता ती मुकाट्याने भात वाढून घेई. गुरुजींनी भुपेंद्रना कुंपणावरून सांगितलं, "बाप शिकून राहिला हे पाहून पोरगीबी सुधरली." आंबागडहून मंदाबाईंचा फोन आला. "उर्वशी लय कमी बोलून राहिली, तब्येत बरी आहे ना तिची?" गुरुजी म्हणाले, "अभ्यास करून राहिली, अभ्यास. तुले सवय नाही म्हणून तसं वाटते."

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी निकेशने सगळ्यांना आपापला एक प्रसंग इंग्रजीत सांगायला लावला. राखीने पहिल्यांदा इंजेक्शन दिल्याचा प्रसंग सांगितला. मग गुरुजी वही घेऊन उठले. अर्थातच निकेशही उठला. गुरुजींनी पालकसभेचा प्रसंग रंगवून सांगितला. मॅडमची वाक्यं वहीतून वाचली, आपली उत्तरं तोंडपाठ म्हटली आणि शेवटी सहीखालचं वाक्य जरा थांबून, घोळवून सांगितलं. मग टाळ्यांची वाट पाहत उभे राहिले.

टाळ्या वाजल्या नाहीत. राखीने तोंडावर ओढणी धरली होती, पण ती हसत नव्हती.

"सर," निकेश हळूच म्हणाला, "जरा बाहेर येता का?"

जिन्यावर दोघं उभे राहिले. खाली दुकानात कुणी पितळी पातेली एकात एक रचत होतं, त्यांचा आवाज वर येत होता. निकेशने वही हातात घेतली, पुन्हा एकदा वाचली. सहावीत शुद्धलेखन तपासायला देताना तो जसा उभा राहायचा तसाच, मान खाली घालून उभा होता.

"सर, हे ड्रॉइंग नाही. विथड्रॉ हा एकच शब्द आहे. नाव काढून घेणं."

"कोणाचं?"

"उर्वशीचं, सर. खो-खोच्या टीममधून. मॅडम म्हणून राहिल्या होत्या का पोरगी लय चांगली खेळते, पण गणितात मार्क कमी पडले. तुमची इच्छा असंन तर नाव काढून घेऊ. निर्णय तुमचा आहे, असं दोनदा म्हटलं त्यांनी. तुमाले नक्की वाटते का, असंबी विचारलं."

गुरुजींनी कठडा धरला.

"मी हंड्रेड पर्सेंट म्हटलं," ते म्हणाले.

"हो, सर."

"अन् ते बाजूले उभी होती."

निकेशने वही मिटून त्यांच्या हातात दिली. म्हणाला, "सर, थांबायचं नाही असं मीच शिकवलं तुमाले." गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गुरू कोण आणि विद्यार्थी कोण, याचा घोळ त्या क्षणापुरता दोघांच्याही ध्यानात नव्हता.

त्या संध्याकाळी उर्वशी पुस्तकावर वाकून बसली होती. गुरुजी दारात उभे राहिले, दोनदा घसा खाकरला आणि भात लावायला आत गेले. आधी चूक निस्तरावी, मग तिला सांगावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. खरं म्हणजे त्यांना धीर झाला नाही.

शुक्रवारी किरकोळ रजा टाकून ते उर्वशीच्या शाळेत गेले. क्रीडाशिक्षक कुलदीप सर चेंडू, जाळ्या आणि चुन्याच्या पोत्यांमध्ये बसले होते. गुरुजींचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि फाइल काढली.

"गुरुजी, टीम उद्या सकाळी वर्ध्याला निघून राहिली. विभागीय सामने आहेत. बारा जणींची यादी तर कधीची पुढं गेली. उर्वशीच्या जागी रुपाचं नाव टाकलं."

"पण माझी चूक झाली ना. समजण्यात."

कुलदीप सरांनी फाइल फिरवून त्यांच्यासमोर धरली. "मीबी मॅडमला म्हटलं होतं, एक बार गुरुजींसोबत बोलून पाहतो. तर त्यांनी हे दाखवलं." सही गुरुजींचीच होती. खालचं वाक्यही त्यांचंच होतं, आणि अक्षर खरोखरच सुंदर आलं होतं.

"पुढल्या वर्षी?" गुरुजींनी विचारलं.

"चौदा वर्षांखालच्या वयात बसत नाही ते पुढल्या वर्षी. वरच्या गटात मोठ्या पोरी आहेत, तिथं नंबर लागणं कठीण." कुलदीप सरांनी फाइल मिटली. "तुमी तिचा एखादा सामना पाह्यला का, गुरुजी? तिच्यामागं धावून धावून समोरच्या पोरी रडायले येत."

गुरुजींनी एकही सामना पाहिलेला नव्हता. जिल्ह्याचा अंतिम सामना झाला त्या शनिवारी संध्याकाळी ते क्लासमध्ये शुभेच्छा देण्याचे सात प्रकार शिकत होते.

तरीही त्यांनी हार मानली नाही. कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं की मुख्याध्यापिकांकडे अर्ज द्या, पण अर्ज इंग्रजीत लागतो. एकवीस वर्षं इतरांचे अर्ज तपासलेला माणूस व्हरांड्यातल्या बाकावर कागद घेऊन बसला. भुपेंद्रना फोन लावला तर ते म्हणाले, "विथ ड्यू रिस्पेक्टने सुरू करा, पुढचं आपोआप सुचते." गुरुजींनी तेवढं लिहिलं. पुढचं काही सुचलं नाही. माझ्या मुलीला खेळू द्या, एवढंच सांगायचं होतं, आणि त्याला लागणारे शब्द कपाटावरच्या कुठल्याच चिठ्ठीवर नव्हते.

रिता मॅडम तास संपवून येत होत्या, त्यांनी गुरुजींना बाकावर पाहिलं.

"मॅडम," गुरुजी उठून म्हणाले, "उस दिन मुझे कुछ समझा नहीं था."

मॅडम जागच्या जागी थांबल्या. "कुछ भी नहीं?"

"खो-खो समझा था."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. शेजारी बाकावर बसल्या आणि सावकाश, साध्या आवाजात हिंदीत म्हणाल्या की मला तुमचं फार कौतुक वाटलं होतं, म्हणून मी पुन्हा हिंदीत विचारलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मग त्या स्वतः मुख्याध्यापिकांकडे जाऊन आल्या. पाच मिनिटांत परतल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं उत्तर गुरुजींना लगेच समजलं.

घरी उर्वशी ओट्यापाशी तांदूळ निवडत होती. गुरुजी तिच्यासमोर खाली बसले. सांगण्यासारखं फार नव्हतं, दोन मिनिटांत सांगून झालं. उर्वशीचे हात थांबले.

"मंजे तुमाले काहीच समजलं नव्हतं?"

"नाही."

"मले वाटलं, तुमाले माझं खेळणं आवडत नाही," ती म्हणाली. "मले वाटलं का इतक्या खुशीनं हो म्हणून राहिले, मंजे लय दिवसापासून मनात असंन."

"तसं नव्हतं, बेटा."

"मंग विचारायचं होतं ना, बाबा." तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं. "मी तं बाजूलेच उभी होती."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. गुरुजींनीही ताटाच्या आपल्या बाजूचे खडे वेचायला सुरुवात केली. तिने ताट जरासं त्यांच्याकडे सरकवलं.

"रुपाचे बूट फाटले आहेत," मग ती म्हणाली. "सकाळी मले स्टँडवर सोडून देजा. माझे बूट देऊन देतो तिले."

सकाळी साडेसहाला एसटी स्टँडवर बारा मुली, कुलदीप सर आणि सामानाची थैली उभी होती. उर्वशीने रुपाला बूट दिले, लेस घट्ट बांधून दिली आणि मागे सरकली. मुली गाडीत चढल्या. गाडी वळण घेऊ लागली तेव्हा रुपाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. उर्वशी एकदम गाडीबरोबर धावायला लागली.

"रुपा, खांबापाशी थांबू नको. मागं येणारीले डावीकडून काढ. घाई करू नको, थकू दे तिले, थकू दे."

तो आवाज स्टँडभर घुमला. फलाटावर झोपलेली माणसं उठून पाहू लागली, चहावाल्याने मान वळवली. आपल्या मुलीचा आवाज एवढा मोठा आहे हे गुरुजींना माहीत नव्हतं. आणि ती धावत होती ते पाहून त्यांना कुलदीप सरांचं म्हणणं पहिल्यांदा समजलं.

गाडी गेली. उर्वशी दम खात परत आली. गुरुजींनी विचारलं, "डावीकडूनच काहून?"

तिने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "तुमाले नाही समजणार."

"नाही समजलं तर आणखी विचारतो."

मग तिथेच, धुळीत चपलेच्या टोकाने रेघ ओढून, तिने दाखवायला सुरुवात केली. बसलेल्या मुली कुठे असतात, खो कसा देतात, पळणारीने दोघी-दोघींच्या मधून नागमोडी पळत साखळी कशी धरायची. गुरुजी मध्ये मध्ये विचारत होते, ती पुन्हा सांगत होती. खांब आला, वळण आलं, तिचा हात हवेत फिरला.

"अन् इथं आलं का सगळ्यांले वाटते आता ही उजवीकडं पळंन. तवा मी वर्ध्याले..."

ती थांबली. धुळीतली रेघ तिने पायानेच पुसली.

"चला बाबा, शाळेची येळ होते," ती म्हणाली आणि स्कूटरच्या दिशेने चालू लागली.